कोणत्या कंपनीत जावं, हे किराणा दुकानात कळतं

बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यात एका गावात बचतगटाची वही तपासायला बसले होते. एका बाईच्या नावापुढं वीस हजारांचं कर्ज होतं, कारण लिहिलं होतं 'शेळी खरेदी'. अंगणात शेळी काही दिसेना. वही झाली, चहा झाला, बाकीच्या बाया उठून गेल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, जरा आत या. तुम्हाला एक दाखवायचंय."

आतल्या खोलीत पलंगाखाली चार खोकी होती. आम्ही दोघींनी ती ओढून काढली आणि माल फरशीवर मांडला. प्रोटीन पावडरचे डबे, टूथपेस्टच्या नळ्या, भांड्याचं लिक्विड, कसल्याशा रसाच्या बाटल्या. छापील किमतीनं एकतीस हजारांचा माल भरला. डबे उलटे करून तळाची तारीख वाचली तर निम्म्या मालाची मुदत दोन-तीन महिन्यांत संपत होती.

"विकला का नाही?" मी विचारलं.

"विकायला घेतलाच नव्हता ताई. आयडी चालू राहावी म्हणून दर महिन्याला घ्यावा लागायचा."

हे वाक्य मी घरी आल्यावर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. नेटवर्क मार्केटिंगच्या कुठल्याही कंपनीची परीक्षा करायची असेल, तर याच वाक्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. माल कोण घेतं, आणि कशासाठी घेतं? वापरायला घेतं, की आयडी, म्हणजे सभासदत्व, राखून कमिशनच्या प्लॅनमध्ये टिकून राहायला घेतं?

"या धंद्यात जाऊ का?" असं मला गावोगावच्या बाया आणि भरतीची तयारी करणारी पोरं विचारतात. मी सरसकट नाही म्हणत नाही. घरोघरी जाऊन माल विकणं हा प्रामाणिक धंदा आहे आणि कायद्यानं त्याला 'थेट विक्री' असं नाव देऊन जागाही दिलेली आहे. साबण, पेस्ट, मसाले ओळखीच्या पन्नास घरांत पोचवून महिन्याला दोन-तीन हजार सुटणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. तेवढ्यात गॅसची टाकी येते, पोराच्या शिकवणीची फी जाते. आपल्या जिल्ह्यात कारखानदारी म्हणावी तर साखर, जिनिंग आणि परळीचं वीज केंद्र. शिकलेल्या पोरानं करायचं काय, हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच कंपनी निवडताना घाई नको.

घाई मात्र करवली जाते. आपल्याकडं या बोलावण्याचा एक हंगामच असतो. सोयाबीनची पट्टी हातात पडते, कापसाची पहिली वेचणी विकली जाते, कारखान्याला निघण्याआधी मुकादमाकडून उचल मिळते, आणि नेमक्या त्याच दिवसांत फोन येतो. परक्याचा फोन असता तर आपण ठेवूनही दिला असता. फोन असतो मावसभावाचा, शाळेतल्या सरांचा, माहेरच्या शेजारणीचा. "एक बिझनेस आहे, फोनवर सांगता येणार नाही, रविवारी बीडला ये." काय विकायचं ते आधी सांगत नाहीत, हीच पहिली खूण समजा. सोयाबीनचं बियाणं विकणारा माणूस आधी पिशवी दाखवतो. ज्याला माल दाखवायच्या आधी प्लॅन दाखवावा लागतो, त्याच्याकडं विकायला प्लॅनच आहे.

जायचं तर जरूर जा, पण खिशात पैसे आणि आधार-पॅन नेऊ नका. हॉलमध्ये गाणी लागतील, टाळ्या होतील, कोणी तरी स्टेजवर येऊन आपण कालपर्यंत ऊसतोड करत होतो आणि आज गाडी घेतली असं सांगेल. त्यातलं काही खरंही असेल. तुम्ही फक्त एक गोष्ट मोजा. दोन तासांत मालाबद्दल किती मिनिटं बोलले आणि माणसं जोडण्याबद्दल किती? घड्याळ लावून मोजा. आमच्या गटातली एक मुलगी असं मोजून आली होती. मालाला अकरा मिनिटं, बाकी सगळा वेळ डावा पाय, उजवा पाय, मॅचिंग, सिल्व्हर, गोल्ड. ती तिथूनच परत फिरली.

आता फळ्यावर काढतात ती आकडेमोड आपणही करू. 'तुम्ही फक्त पाच जण आणायचे, त्यांनी पाच-पाच आणायचे.' ऐकायला सोपं वाटतं. पाचाचे पंचवीस, पंचवीसचे सव्वाशे, मग ६२५, ३,१२५, १५,६२५, ७८,१२५, ३,९०,६२५ आणि नवव्या पायरीवर १९,५३,१२५. या नऊ पायऱ्यांवरची माणसं एकत्र मोजली तर २४,४१,४०५ होतात. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या होती २५,८५,०४९. म्हणजे आष्टीपासून परळीपर्यंत, पाळण्यातल्या लेकरापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत जवळजवळ सगळा जिल्हा एकाच माणसाच्या खाली लागला, तेव्हा कुठं नववी पायरी भरली. दहाव्या पायरीला आणखी ९७ लाख माणसं लागतील. ती कुठून आणायची?

यातला खरा चटका वेगळाच आहे. ही साखळी कुठल्याही दिवशी थांबवून पाहा, शंभरातली ऐंशी माणसं अगदी तळाच्या पायरीवर असतात. त्यांच्याखाली कोणी नसतं. जर कमाई माणसं जोडण्यातूनच होणार असेल, तर या ऐंशींना काहीच मिळणार नाही, मग ते कितीही कष्टाळू असोत. "तू मेहनत कमी केलीस" असं त्यांना वर सुनावलं जातं, ते मला फार लागतं. ऊस तोडणाऱ्याला मेहनत शिकवायची?

ही साखळी तुटली तरी ज्याच्या हातात काही तरी उरतं, तो धंदा बरा. उरतं म्हणजे काय, तर रोजचं गिऱ्हाईक. जोडलेली सगळी माणसं उद्या सोडून गेली तरी गल्लीतल्या दहा घरांनी तुमच्याकडून पेस्ट घेणं चालू ठेवलं, तर तुमची कंपनी खरी. हे ओळखण्यासाठी मला एकच जागा भरवशाची वाटते, ती म्हणजे किराणा दुकान.

कंपनीच्या यादीतल्या पाच वस्तू निवडा. रोज लागणाऱ्याच घ्या, अमृततुल्य रस वगैरे नको. चिठ्ठीवर प्रत्येकीचं वजन आणि किंमत लिहा आणि गावातल्या दुकानात जा. शंभर ग्रॅमला काय पडतं, ते दोन्हीकडचं मांडा. "आमची वस्तू दाट आहे, थोडीच लागते" असं सांगतील, तर घरी आणून वापरून बघा, नळी किती दिवस पुरली ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. समजा दुकानातली पेस्ट सत्तरला आणि ही एकशे चाळीसला आहे. मधले सत्तर रुपये जातात कुठं? त्यातला मोठा हिस्सा वरच्या पायऱ्यांना वाटला जातो. थोडा फरक असला तर हरकत नाही, घरपोच सेवा आहे, माल चांगला असू शकतो. पण दुप्पट-तिप्पट भावाची वस्तू ज्याला प्लॅनशी काही देणंघेणं नाही असा शेजारी दुसऱ्यांदा घेणार नाही. पहिल्यांदा तो भिडेखातर घेईल. धंदा उभा राहतो तो दुसऱ्या खरेदीवर.

म्हणून माझा सल्ला असा की पहिले दोन महिने कंपनीत न शिरता तिचं नुसतं गिऱ्हाईक व्हा. ओळखीच्या विक्रेत्याकडून माल घ्या, घरात वापरा, आवडला तर सासूला, जावेला, शेजारणीला द्या आणि पैसे घ्या. फुकट देऊ नका, नमुना म्हणूनही नको. दोन महिन्यांत आयडी न लावता पाच घरांनी स्वतःहून पुन्हा मागितला, तर पुढचा विचार करा. "ऑफर या महिनाअखेरीपर्यंतच आहे" असं कोणी म्हणालं तर जाऊ द्या ती ऑफर. खरा माल पुढच्या महिन्यातही मिळतो.

ज्यानं तुम्हाला बोलावलं त्या अपलाइनला एक प्रश्न शांतपणे विचारा: "दादा, गेल्या महिन्यात तुमच्या टीमनं जेवढा माल उचलला, त्यातला किती आयडी नसलेल्या लोकांनी घेतला?" उत्तर देता आलं नाही, किंवा "आपण स्वतः वापरतो तेच आपलं सेल" असं उत्तर आलं, तर समजून घ्या. हा प्रश्न माझ्या मनचा नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०१६ मध्ये हर्बालाइफ या जगभर पसरलेल्या कंपनीशी तडजोड केली, तेव्हा कंपनीला २० कोटी डॉलर भरावे लागले आणि तिथला प्लॅन बदलावा लागला, तो याच मुद्द्यावर. विक्रेत्याचं बक्षीस खऱ्या गिऱ्हाइकाला झालेल्या विक्रीशी जोडा, नुसत्या सभासदांच्या खरेदीशी नको, असं तिथं ठरलं.

आपल्याकडचा कायदाही थोडक्यात माहीत असू द्या. १९७८ चा एक केंद्रीय कायदा आहे, बक्षीस चिट्स आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा. त्यात नुसता चालवणाराच नाही, तर सभासद करून घेणारा आणि भाग घेणाराही दोषी धरला जाऊ शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही चांगल्या मनानं मावशीला जोडलंत आणि योजना बोगस निघाली, तर मावशीच्या तक्रारीत तुमचं नाव येऊ शकतं. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या आधारे २८ डिसेंबर २०२१ ला थेट विक्रीचे नियम आले. या नियमांनी थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड किंवा पैसा फिरवण्याची योजना चालवायला मनाई केली. कंपनीचं भारतात नोंदणीकृत कार्यालय हवं, विक्रेत्याशी लेखी करार हवा, विक्रेत्याला ओळखपत्र हवं, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर हवा. त्या अधिकाऱ्यानं तक्रार मिळाल्याची पोच ४८ कामकाजी तासांत द्यायची आणि साधारण महिन्याभरात ती सोडवायची. विक्रेत्यानं केलेल्या विक्रीतल्या तक्रारींची जबाबदारीही कंपनीला झटकता येत नाही.

यातला एक नियम आपल्या गावांत रोज मोडला जातो, म्हणून वेगळा सांगते. "ही वस्तू घ्या, असेच दोघं-तिघं आणून द्या, तुमची वस्तू फुकटात पडेल" असं सांगून माल गळ्यात मारायला नियमांनी मनाई केली आहे. हे वाक्य ज्या कंपनीच्या माणसाच्या तोंडी आलं, त्याला तिथंच थांबवा. तसंच प्रवेश फीचं. सामील होण्यासाठी फी घेता येत नाही. मग तीच फी 'स्टार्टर किट', 'ट्रेनिंग मटेरियल', 'पहिली ऑर्डर' अशी नावं बदलून येते. सामील व्हायला पैसे लागत नाहीत आणि माल घेण्याची सक्ती नाही, हे करारात लिहिलेलं दाखवा, एवढंच म्हणा.

कागदांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. सेमिनारमध्ये पडद्यावर कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटी, पॅन, आयएसओ असं एकामागून एक दाखवतात आणि "बघा, सरकारमान्य कंपनी" असं सांगतात. कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे बाळाचा जन्मदाखला. बाळ जन्मलं एवढंच त्यावरून कळतं, मोठं होऊन कसं वागेल ते नाही. जीएसटी क्रमांक चपलांच्या दुकानालाही असतो. तरी हे कागद पाहायचेच, पण पडताळण्यासाठी. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकलं की ती कधी स्थापन झाली, कार्यालय कुठं, संचालक कोण हे दिसतं. बीडच्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात बसणारं पोरगं दहा मिनिटांत काढून देईल. सहा महिन्यांपूर्वी जन्मलेली कंपनी 'वीस वर्षांचा अनुभव' सांगत असेल तर ते तिथंच उघडं पडतं.

माझी स्वतःची आवडती तपासणी मात्र याहून साधी आहे. सामील होण्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण क्रमांकावर फोन करा. वेबसाइटवरून नंबर घ्या, अपलाइनकडून नको. विचारा, "माल परत करायचा असेल तर किती दिवसांत, कुठं, आणि किती पैसे परत मिळतात?" फोन उचलला जातो का, मराठीत किंवा हिंदीत नीट उत्तर मिळतं का, ते पाहा. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं लागोपाठ चार दिवस असा फोन लावला, एकदाही उचलला गेला नाही. पैसे भरण्याच्या नंबरवर मात्र पहिल्याच रिंगला 'हॅलो सर' आलं.

मोठं नाव आहे, परदेशी कंपनी आहे, म्हणून डोळे मिटून जाऊ नये. ॲमवेसारख्या जुन्या आणि नावाजलेल्या कंपनीची ७५७ कोटी ७७ लाखांची मालमत्ता सक्तवसुली संचालनालयानं, म्हणजे ईडीनं, एप्रिल २०२२ मध्ये तात्पुरती जप्त केली. पिरॅमिड पद्धतीनं व्यवसाय चालवल्याचा ईडीचा आरोप आहे. त्याचा निकाल न्यायालय देईल. मुद्दा एवढाच की नावाच्या मोठेपणानं आपला हिशेब सुटत नाही.

आणि जिथं मालच नाही, किंवा नावापुरता आहे, तिथं तर पाऊलही ठेवू नका. मराठवाड्याला हे सांगायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, कारण आपण ते भोगलेलं आहे. केबीसी मल्टिट्रेडनं तीन वर्षांत पैसे तिप्पट करून देतो असं सांगत परभणीपासून नाशिकपर्यंत हजारो लोकांकडून पैसे गोळा केले. २०१४ मध्ये गुन्हे दाखल झाले, प्रमुख सिंगापूरला निघून गेला आणि २०१६ मध्ये परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला. गुन्हे एजंटांवरही झाले, आणि एजंट म्हणजे कोण, तर गावातलीच माणसं. त्याआधी २०११ मध्ये स्पीक एशिया होतं. वर्षाला अकरा हजार भरा, घरी बसून सर्वेक्षणं भरा आणि कमवा. सर्वेक्षणाचा माल कोणी विकत घेत नव्हतं, पैसा नव्या सभासदांचाच फिरत होता. २०२५ च्या जानेवारीत दादरला टोरेसच्या दुकानासमोर जमलेली गर्दी टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. चकाकणारे खडे आणि आठवड्याला व्याज. नवं नाव, जुनाच खेळ.

बीड शहराला तर ज्ञानराधा मल्टिस्टेट विसरता येणं शक्य नाही. ती नेटवर्क मार्केटिंगची कंपनी नव्हती, पतसंस्था होती. बारा ते चौदा टक्के व्याजाच्या आशेनं लाखो लोकांनी तिथं ठेवी ठेवल्या, २०२३ च्या अखेरीस पैसे अडकले, पुढं अटका झाल्या, ईडी आली. मी तिचं नाव इथं घेते ते एका कारणासाठी. लोकांनी तिथं पैसे ठेवले ते ताळेबंद वाचून नव्हे. कोणी तरी ओळखीचं आधी ठेवून बसलं होतं, व्याज वेळेवर मिळत होतं, म्हणून. 'त्याला मिळाले, मग मलाही मिळतील' हा आपल्याकडचा सर्वांत महागात पडलेला विचार आहे. नेटवर्कच्या सेमिनारमध्ये मोबाइलवर दाखवला जाणारा पेआउटचा स्क्रीनशॉट हाच विचार जागा करतो. तो दाखवणाऱ्याला म्हणा, बँकेचं वर्षाचं पासबुक दाखवा. कमिशनवर कर कापला जातो, त्याची नोंद आयकराच्या २६ एएस फॉर्ममध्ये येते, तो दाखवा. आणि वर्षभरात कंपनीकडून तुम्ही स्वतः माल किती घेतलात, तेही सांगा. तीन लाख कमिशन आणि अडीच लाखांची स्वतःची खरेदी, असा जमाखर्च असणारी माणसं असतात.

आरोग्याच्या वस्तूंबद्दल जरा कडक बोलते. प्रोटीन पावडर, रस, कॅप्सूल हे कायद्यानं अन्न आहे, औषध नाही. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहा आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजीतली ओळ शोधा, बहुतेक डब्यांवर ती बारीक अक्षरात असते. तीच ओळ झाकून "शुगरची गोळी बंद होते", "किडनी सुधारते", "गर्भपिशवीची गाठ विरघळते" असं सांगितलं जातं. अशा दाव्यांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न किती नाजूक आहे, हे वेगळं सांगायला नको. त्यांना दीड हजारांची बाटली खपवणारा माणूस पाप करतो, असं मी स्पष्ट म्हणते. ज्या कंपनीचा लीडर स्टेजवरून रोग बरे झाल्याच्या गोष्टी सांगतो, तिच्यात जाऊ नका. उद्या कोणी गोळी बंद करून अंथरूण धरलं, तर लोक कंपनीच्या दारात नव्हे, तुमच्या दारात येतील.

शेतीच्या मालाचंही असंच. टॉनिक, ह्युमिक, जैविक आळीनाशक असा माल आता याच साखळीतून विकतात. पुण्याची नेटसर्फ ही कंपनी घरगुती वस्तूंबरोबर शेतीची उत्पादनंही थेट विक्रीतून देते. पण लक्षात ठेवा, कीटकनाशक विकायला १९६८ च्या कायद्याखाली परवाना लागतो, खतांसाठी १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे, आणि २०२१ पासून पिकांची वाढ वाढवणारी जैव-उत्तेजकंही, ज्यांना आपण टॉनिक म्हणतो, त्याच आदेशाखाली आली आहेत. घरातून बाटली विकण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात ती बाटली घेऊन जा आणि विचारा, हे विकायला मला काय लागतं? आणि स्वतःच्या रानात दोन तासांवर आधी मारून बघा. ज्यानं स्वतःच्या कापसावर मारलं नाही, त्यानं शेजाऱ्याच्या बांधावर जाऊ नये.

समजा सगळं पाहिलं, किंमत पटली, करार वाचला, तक्रारीचा फोन लागला. मग सामील व्हा. पण एक वही घाला. आपण गटात घालतो तशीच, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. खर्चात सगळं येतं. धारूरहून बीडला जाण्या-येण्याचं भाडं, संभाजीनगरच्या सेमिनारचं तिकीट, तिथलं जेवण, चहापाणी, नवा ड्रेस, मोबाइलचं रिचार्ज, आणि रोजंदारी बुडाली ती. बायका रोजंदारी लिहीतच नाहीत. रानात खुरपायला गेल्या असत्या तर मिळाले असते ते पैसे खर्चाच्या पानावर लिहा. तीन महिन्यांनी दोन्ही पानांची बेरीज करा. चौथ्या महिन्यात उजवं पान जड असेल तर थांबा. "थोडं थांब, बिझनेसला वेळ द्यावा लागतो" असं वरून सांगतील. द्या वेळ, पण पैसा नका देऊ. घरात महिन्याला वापरतो त्याच्याहून जास्त माल कधीही उचलू नका, पायरी चढायला किती का पॉइंट कमी पडेनात. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत लीडरचे फोन वाढतात, तेव्हा हे विशेष लक्षात असू द्या.

आणि कर्ज काढून कधीही नाही. गटाचं नाही, मायक्रोफायनान्सचं नाही, मुकादमाची उचल तर नाहीच नाही. उचल ही अंगावर बसलेली मजुरी असते. ती पेस्टच्या खोक्यात घातली तर कोयता घेऊन दोन हंगाम फेडावी लागते.

नात्यांबद्दल मी इथं थोडं थांबते, कारण हिशेबाच्या वहीत ती लिहिता येत नाहीत. हळदीकुंकवाला आलेल्या बायांना वाण देता देता प्लॅन दाखवला जातो. बारशाला, वास्तुशांतीला तेच. एकदा-दोनदा लोक ऐकून घेतात, मग त्या घरचं बोलावणं आलं की कारणं सांगतात. मी असं घर पाहिलं आहे जिथं सख्ख्या बहिणी दोन दिवाळ्या एकमेकींकडं गेल्या नाहीत, साडेसात हजारांच्या आयडीपायी. विकायचंच असेल तर आधी अनोळख्या दारात जा. ओळखपत्र गळ्यात घाला, आधी विचारून वेळ घ्या, नियमही तेच सांगतात. परक्याला जो माल विकता येतो, तोच आपल्या माणसाला विकावा.

बाहेर पडायचं असेल तर लाज धरू नका. करारात माघार घेण्याची मुदत दिलेली असते, ती सामील होतानाच कॅलेंडरवर लिहून ठेवा. विक्रीयोग्य माल कंपनीनं परत घ्यायला हवा. सील न फोडलेला, मुदत शिल्लक असलेला माल वेगळा काढा, बिलं जोडा, आणि अपलाइनला न विचारता थेट कंपनीला ईमेल आणि रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवा. अपलाइन तुम्हाला थांबवणारच, तुमचा माल परत गेला की बहुधा त्याचंही कमिशन वळतं होतं. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. त्यापुढं बीडमध्ये जिल्हा ग्राहक आयोग आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. आणि प्रकरण ठेवीचं, दामदुपटीचं असेल, तर ते ग्राहक तक्रारीपुरतं ठेवू नका, पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडं जा. त्यासाठी राज्याचा १९९९ चा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा आहे, केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदाही आहे. लवकर जाणाऱ्याचा उपयोग सगळ्यांना होतो, कारण मालमत्ता विकून टाकण्याआधी ती गोठवता येते.

वडवणीच्या त्या घरात आम्ही त्या दिवशी हेच केलं. फरशीवरच्या मालाचे दोन ढीग केले, सील असलेला आणि फुटलेला. बिलं तिनं मिठाच्या डब्याशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, हे फार बरं झालं. तिच्या मुलीनं, दहावीतल्या, सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं. दोन पत्रं आणि एका १९१५ च्या फोननंतर सहा हजार चारशे रुपये परत आले. मुदत संपलेला माल कंपनीनं घेतला नाही, तो आम्ही खड्डा करून पुरला.

शेळ्या तिनं घेतल्या नाहीत. गटाचं कर्ज ती महिन्याला हजार याप्रमाणं फेडते आहे, अजून एकही हप्ता चुकलेला नाही. गेल्या महिन्यात मी वहीत अकरावा हप्ता लिहिला. नऊ बाकी आहेत.